तिघाडा

नांदेड, ३ नोव्हेंबर २०२५

ती. अक्कास,

स. जयभीम वि. वि.

फोनवर मी नुसता ओरडतो, म्हणून तू पत्र लिही म्हणालीस. आता कागदावर ओरडून राहिलो, ऐक.

पुढच्या आठवड्यात लखनचा शो हाय इथं. स्टँडपासून आपल्या गल्लीपर्यंत त्याचंच थोबाड चिकटवलंय. काळा चष्मा, हातात माईक, खाली लिहिलंय ‘मराठवाड्याचा पहिला रॅपर’. पहिला! हदगावहून सकाळच्या बसनं यायचा, आईच्या हातची भाकर खायचा, आणि मी लिहिलेलं पाठ करायचा. शब्द माझे, गळा त्याचा, ताल विशाखाचा. तीन तिघाडा काम बिघाडा म्हणून लोक हसायचे, म्हणून तर आम्ही तेच नाव घेतलं. कपाटात तुझ्या लग्नातल्या गोधड्या टांगून आम्ही गाणी रेकॉर्ड केली. चाकूरला जयंतीत जनरेटर बंद पडला, तर पब्लिकनं टाळ्यांवर गाणं पुरं करून घेतलं. आज उदगीर-हदगावची बारकी पोरं रॅप करून राहिली ती कुणामुळं? त्या तीन वर्षांपायी मी कॉलेज अर्ध्यात सोडलं. पप्पा अजून जेवताना ते काढतात.

आणि ह्यानं काय केलं? आमचं ‘येऊन राहिलो’ पुण्याला नेलं. येऊन राहिलो म्हणजे निघालोय, वाट सोडा. तिथल्या गाण्याच्या कंपनीवाल्यांनी विचारलं म्हणे, येऊन कुठं राहिलात, पाहुण्यांकडं का? तर ह्या बहाद्दरानं ‘येतोय’ करून टाकलं. येतोय! जसा काही दळण घेऊन येतोय. आणि खाली नाव एकट्याचं.

गाण्याचं एक वेळ सोडलं असतं. विशाखाचं सोडत न्हाई. तिघाडा मोडल्यावर तिचा मेसेज आला होता, ‘लातूरला येऊन राहिले मी. भेटशील?’ मी इस्त्रीचा शर्ट घालून लातूरच्या स्टँडवर नांदेडला परतायची शेवटची गाडी लागेपर्यंत बसलो. ती एकाबी बसमधून उतरली न्हाई. रागात तिचा नंबर ब्लॉक करून टाकला. महिन्याभरानं फोटो पाहिला, पुण्याच्या स्टुडिओत, लखनच्या शेजारी. तवा कळलं कोण कुठं येऊन राहिलं ते.

साऊंडवाला मृत्युंजय आपला दोस्त हाय. लखनच्या आधी तो मला पाच मिनिटं स्टेज देणार. त्याच तालावर त्याची सालं काढतो. आणि तिचीबी.

आई बरी हाय, गुडघा कुरकुरतो. दाजींना जयभीम. लोभ असू दे, रागाचं मी बघतो.

तुझा,
अश्वजित


लातूर, ७ नोव्हेंबर २०२५

चि. अश्वजित यास,

जयभीम व आशीर्वाद वि. वि.

पत्र पावले. अक्षर तेच, कोंबडीचे पाय. पण फोनपेक्षा शिव्या निम्म्या झाल्या, तेवढा फायदा. माझ्या लग्नातल्या गोधड्या अजून त्या कपाटात असतील तर आईला वाळत घालायला सांग.

लखनवर तुझा राग आहे तो खोटा नाही. तुझे शब्द त्याने नेले, तू त्याला तोंडावर बोल, स्टेजवर बोल, मी आडवी येणार नाही. इथे माझ्या वर्गातली पोरंसुद्धा तुमचं गाणं बाकावर वाजवतात, आणि खडूचा तुकडा मारायच्या आधी माझाही पाय हलतो. पण बाळा, विशाखाचं नाव गर्दीत घेऊ नकोस. लखनला उत्तर द्यायला त्याच्या हातात माईक आहे. तिच्या हातात काय आहे? पोरीचं नाव एकदा चौकात पडलं की ते पुसायला तुझी लेखणी पुरत नाही.

आणि एक. तिला तू कधी विचारलंस का? की नुसताच बसलास स्टँडवर रुसलेल्या नवरदेवासारखा? पप्पा ताटावर कॉलेज काढतात ते तुझ्या काळजीने. उलट बोलू नकोस.

माया आहे म्हणून चार शब्द लांबवले. उत्तर दे.

तुझी अक्का,
बुद्धप्रिया


नांदेड, १६ नोव्हेंबर २०२५

ती. अक्कास,

स. जयभीम वि. वि.

तुझं पत्र शोच्या आधी मिळालं होतं. वाचलं, खिशात घातलं, आणि स्टेजवर चढलो.

अक्का, तू असायला पाहिजे होतीस! मृत्युंजयनं ताल सोडला. विशाखाच्या आज्याची हलगी, खाली तिच्या आईच्या शिवणयंत्राची खडखड. पहिल्या ठोक्यालाच पब्लिकनं ओळखलं. मी सुरू केलं,

आमच्या ताटातली भाकर खाल्ली, म्हणतो भूकबी माझी,
शब्द माझे, ताल तिचा, अन् पोस्टरवर छबी तुझी!

पोरं खुर्च्यांवर चढली. मग लखन आला. तो म्हणाला ‘येतोय’, हजार पोरं वरडली ‘येऊन राहिलो!’ पुन्हा ‘येतोय’, पुन्हा तेच. तिसऱ्या गाण्याला त्यानं चष्मा काढला, चौथं म्हटलंच न्हाई. पडद्यामागं माझ्यापुढं उभा राहिला, म्हणाला, अश्या, एवढं कशाला रे? मी म्हणालो, हे तर थोडंच हाय. दोन वर्षांत पहिल्यांदा मला पोटभर झोप लागली.

हाव, तिची ओळबी म्हटली. ‘तिसरी आमची विशाखा ताल विसरून, मोठ्या गाडीच्या हॉर्नला भुलली.’ नावासकट. सगळ्यात जास्त शिट्ट्या त्याच ओळीला पडल्या. का कुणास ठाऊक, तवा मला हसू आलं न्हाई. पण क्लिप लाखभर लोकांनी पाहिली. जे झालं ते झालं.

रागावशील. रागाव, पण पत्र टाक.

तुझा,
अश्वजित


लातूर, २० नोव्हेंबर २०२५

अश्वजित,

जयभीम.

आशीर्वाद यावेळी लिहीत नाही.

काल विशाखा माझ्या दारात आली. तिच्या वर्गातल्या पोरींनी तुझी क्लिप तिलाच दाखवली होती. ती दोन वर्षं लातुरातच आहे. औसा रोडला खोली घेतली आहे, मुलींच्या नाचाच्या वर्गाला ताल करून देते. तुला तिने तेच कळवलं होतं. लातूरला येऊन राहिले मी, म्हणजे आले आणि राहिले. तू वाचलंस की येत आहे. तू स्टँडवर बस बघत बसलास आणि ती तिच्या खोलीत तुझी वाट बघत बसली. नंतर तिने किती फोन लावले, पण नंबर ब्लॉक करून बसणाऱ्याला कोण काय सांगणार?

पुणेवाल्यांना हसलास ना? त्यांनी तुझं वाक्य त्यांच्यापरीनं वाचलं, तू तिचं तुझ्यापरीनं.

पुण्याला ती गेली होती लखनशी भांडायला, माझा ताल मला न विचारता का वापरलास म्हणून. फोटो कंपनीवाल्यांनी काढला. मग ती मला म्हणाली, ताई, लखननं विचारलं न्हाई. अश्वजितनं कुणाला विचारलं? माझ्याच तालावर माझी अब्रू काढली.

ह्याचं उत्तर तू द्यायचं. तुला सुचलं तर बघ.

ताल नेटवर सगळ्यात आधी तिच्या नावानं चढलेला आहे, म्हणून तिने तिथे तक्रार केली. तुझी क्लिप आणि लखनचं ‘येतोय’, दोन्ही आज उतरतील. आणि तुझ्यासाठी निरोप आहे: माझं नाव भरगर्दीत घेतलं, भरगर्दीतच परत घे. ताल न लावता. माझा तर न्हाईच, कुणाचाच न्हाई.

पत्ता मागू नकोस, देणार नाही.

बुद्धप्रिया


नांदेड, ८ डिसेंबर २०२५

ती. अक्कास,

स. जयभीम वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी मी भिंतीवर हात आपटला. मग फोन उघडला तर क्लिप गायब. तेवढ्यात लखनचा फोन. वैरी झालो तरी पहिला फोन एकमेकालाच. तो रडकुंडीला आलेला, म्हणाला, अश्या, तिनं दोघांनाबी उताणं पाडलं रे. मला राग यायला पाहिजे होता. मला हसू आलं, आणि हसता हसता दुसरंच काही झालं, ते लिहीत न्हाई.

काल हदगावच्या पोरांनी बोलावलं होतं. मैदान भरलेलं. मी म्हणालो, ताल बंद. पोरांना वाटलं नवीन स्टाईल हाय. मग मी नुसता बोललो. विशाखा कुणाच्या गाडीत गेली न्हाई. मी तिचं एक वाक्य उलटं वाचलं आणि नांदेडात हजारांपुढं तिच्यावर चिखल उडवला. तिघाड्यात तिचा ताल नसता तर मी नि लखन नुसते बडबडे होतो. ज्यानं त्या ओळीला शिट्टी मारली, त्यानं ती परत गिळावी.

आधी कुणी हसलं. मग एकजण वरडला, अरे गाणं म्हण की! मग हुर्यो. अक्का, तालाशिवाय स्टेजवर माणूस किती उघडा दिसतो ते मला म्हाईत नव्हतं. तरी सगळं बोलूनच उतरलो.

तिचा नंबर ब्लॉकमधून काढला होता. पोरांनी काढलेला व्हिडिओ तिच्यापर्यंत गेला असणार. सकाळी तिची दोनच वाक्यं आली: ‘ऐकलं. आता लखनची पाळी.’

मला काही माफी न्हाई, ख्यालीखुशाली न्हाई. तरी मी तो मेसेज आईला दोनदा वाचून दाखवला. आई म्हणाली, एवढ्याशात एवढं काय वाचायचं?

मग लखनला फोन लावला आणि निरोप जसाच्या तसा सांगितला. तो म्हणाला, गर्दीत? ताल न लावता? मी म्हणालो, हाव. हदगाव तुझंच गाव हाय, माईक चांगला हाय, आणि मी पहिल्या रांगेत बसतो.

आईचा गुडघा बरा हाय. मागच्या पत्रात आशीर्वाद लिहायचा राहिला होता, तो पाठवून दे.

तुझा,
अश्वजित