चार मिनिटं बारा सेकंद

४ मार्च
सापडल्या! सूर्याच्या वातावरणातल्या चुंबकीय लाटा! प्लाझ्माच्या, म्हणजे तापून विद्युतभारित झालेल्या वायूच्या, कमानी डुलतायत — दर चार मिनिटं बारा सेकंदांनी. सूर्याचा पृष्ठभाग सहा हजार अंश, आणि वरचा हा प्लाझ्मा दहा लाख. का? माझे मार्गदर्शक सर आयुष्यभर एकच सांगत आले — लाटा खालून ऊर्जा आणतात, वर येऊन विरतात, म्हणून. माझा हिशेब जुळतोय!

आईला फोन. "चुलीपासून लांब गेलं की जास्त भाजतं? तुमच्या सूर्याचं सगळं उरफाटंच!"

५ मार्च
सर खुर्चीतून उठलेच. माझी चित्रं ज्या अवकाश-दुर्बिणीची, तिच्यातूनच वीस वर्षांपूर्वी त्यांनी हाच ठेका मोजला होता. लोकांनी हसण्यावारी नेलं. बारा तारखेला त्यांचं निवृत्तीचं व्याख्यान. "आता बघतोच एकेकाला!"

८ मार्च
मन थाऱ्यावर नाही. लहान-मोठ्या सगळ्या कमानी एकाच क्षणी, एकाच बाजूला कशा डुलतात? शाळेतली कवायत आहे का?

९ मार्च
चित्रांचे कोपरे मी पहिल्याच दिवशी कापले होते — संगणकाचं काम लवकर उरकावं म्हणून. आज अख्खी चित्रं उघडली. डाव्या कोपऱ्यात एक तारा. सूर्याशी देणं ना घेणं. तोही डुलतोय! त्याच ठेक्यात.

दुर्बीण गार पडू नये म्हणून तिच्यात हीटर आहे. नोंदी काढल्या — तो दर चार मिनिटं बारा सेकंदांनी चालू-बंद होतो, तशी दुर्बीणच किंचित हलते. लाटा नाहीतच. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा!

१० मार्च
सरांच्या दारापर्यंत तीनदा गेले. आत ते शीळ घालत होते. परत फिरले. भ्याले, दुसरं काय!

आई म्हणाली, "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही गं."

११ मार्च
सांगितलं. तारा दाखवला. सरांनी चित्रं पुन्हा पहिल्यापासून चालवून बघितली. मग खालच्या खणातून जुनी वही काढून माझ्यापुढे सरकवली. वीस वर्षांपूर्वीची तारीख, त्यांचंच अक्षर — "४ मि. १२ से. हीटर तर नाही?" पुढचं पान कोरं.

"तपासायचं राहून गेलं," म्हणाले. मग कोऱ्या पानावर बोट ठेवून — "नाही. मीच राहू दिलं."

उद्याचं काय, विचारायची हिंमत झाली नाही.

१२ मार्च
सभागृह गच्च. सरांनी पहिलं चित्र लावलं — माझा तारा. दुसरं — वहीतलं ते पान.