जाड अस्तर

रविवार, ८ मार्च

लाडक्या मामा,

नमस्कार. शर्ट काही ढगळ नाहीये, उगाच पाठवलाय. माझे फोन तू कट करतोस, पण शिवायला आलेल्या कपड्याचा खिसा चाचपल्याशिवाय तुला राहवत नाही. तर, सापडलास!

आजोबांना काल घरी सोडलं. त्यांच्या स्टेंटमध्ये पुन्हा झालेला ब्लॉक ताईंनी मोकळा केला. (ताई म्हणजे आमच्या डॉक्टर, ज्यांच्या हाताखाली मी शिकतेय.) तुझ्याही स्टेंटमध्ये पुन्हा ब्लॉक झालाय हे कळल्यापासून आजोबा म्हणतात, "माझं ठीक आहे, पण हे पोरगं चाळिशीत माझ्या रांगेत कशाला घुसलं? मागे हो म्हणावं!"

मामा, तुमचं दोघांचं वेगळं का, ते कळलं मला. इतकं भारी आहे ना! स्टेंट म्हणजे हृदयाच्या नसेत बसवायची जाळीची नळी. ती बसवली की शरीर तिच्यावर आतून पातळ अस्तर चढवतं. ते हवंच. पण काही जणांत शरीर थांबतच नाही, अस्तरावर अस्तर! शेवटी बाही इतकी जाड होते की हात आत जात नाही. साखर वाढलेली असली की हे जास्त होतं. तुझ्या चहाबद्दल मी काही बोलत नाही. आजोबांची नस मात्र कॅल्शियमने कडक झालेली, ताडपत्रीसारखी. त्यामुळे स्टेंट मुळातच पूर्ण उघडला नव्हता.

मी ताईंना म्हटलं, "म्हणजे तरुणांचं अस्तर आणि म्हाताऱ्यांचं कापड?" त्या हसल्या. "एवढं सोपं असतं तर काय गं! उलटंही असतं. आत बारीक कॅमेरा घालून बघितल्याशिवाय खरं कारण कळत नाही."

म्हणून मंगळवारी हॉस्पिटलमध्ये तपासणीला ये. ज्याला तू "बघू" म्हणालास तोच मंगळवार.

अजून एक. मागे तुझ्याकडे आले तेव्हा तुझी बोटं पट्ट्यांनी भरलेली होती आणि गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कोटाच्या कॉलरवरचा लाल ठिपका तू थुंकी लावून काढत होतास. काल आले तर एकही पट्टी नाही. मला वाटलं, वा, मामाचा हात सुधारला. मग जिना उतरताना लक्षात आलं. रक्त पातळ ठेवायची गोळी तू बंद केलीस ना? कपड्यांना डाग पडतात म्हणून?

मी तुझं नाव घेतलं नाही. ताईंना आज सकाळी एवढंच विचारलं, "समजा, एक शिंपी असेल तर?" त्या म्हणाल्या, अस्तर जाड होतं त्यात त्या गोळीचा दोष नाही. पण गोळी नसेल तर आत अचानक गुठळी होऊ शकते. वर म्हणाल्या, "त्या शिंप्याला आजच मला फोन करायला सांग."

आपण गोळी सोडल्यामुळेच ब्लॉक झाला असं धरून लपून बसलायस का रे? तसं नाहीये. आणि मला भीती वाटतेय, बस. खाली नंबर लिहिलाय. शर्ट घेऊन आई तुझ्यासमोरच बसली असेल. तिला काही माहीत नाही. तूच सांग.

तू येईपर्यंत जिन्याकडे बघत बसणारी,
चिमणी


रविवारच, संध्याकाळ

चिमणे,

शर्ट ढगळच होता. डोळे तपासून घे.

ताईंना फोन केला. पहिलंच वाक्य, "तो शिंपी मीच." रागावल्या, पण बेतानेच. त्यांनी सांगितली तशी गोळी तुझ्या आईसमोर घेतली. ती आधी रडली, मग ओरडली, मग बिनसाखरेचा चहा पुढ्यात आदळला. गोळी बरी त्यापेक्षा!

पांढरा कोट समोरच्या दुकानात शिवायला दिला, डागांची कटकटच नको. मंगळवारी येतो. आजोबांना सांग, बरा होऊन त्यांची रांग सोडतोय.

शर्ट दोन्ही बाजूंनी आत घेतलाय, पण कापड कापलेलं नाही. शिलाईत भरपूर ठेवलंय. पुढेमागे तू जाड झालीस की उसवून द्यायला मीच आहे.

तुझा,
हट्टी मामा