पिवळी पट्टी

१४ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

तुझ्या दोन्ही पत्रांना उत्तर दिलं नाही, माफ कर. वेळ मिळाला नाही असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. फोनवर तू "आई कशी आहे?" विचारतोस आणि माझ्या तोंडून "ठीक" एवढंच निघतं. कागदावर तेवढ्यानं भागत नाही, म्हणून कागदच टाळत होते.

आधी गोदामातलं सांगते. आमच्याकडे ऑर्डर आली की ट्रॉली रॅकांच्या लांब गल्लीतून निघते. पहिला माणूस माल काढत ती पुढे नेतो, वाटेत दुसरा घेतो, मग तिसरा, शेवटी पॅकिंग. कुणी कुठवर न्यायची हे ठरलेलं नव्हतं. शेवटच्याची ट्रॉली पॅकिंगला पोचली की तो रिकाम्या हातानं मागे चालत यायचा आणि मागचा जिथे भेटेल तिथे त्याची ट्रॉली आपल्या हाती घ्यायचा. मग तो मागचा आणखी मागे जायचा. सावकाश माणूस सुरुवातीला, चपळ शेवटी. कुणाकडे काम तुंबायचं नाही, कुणी ताटकळायचं नाही. सुरुवातीला आमच्या काकू असत. गुडघे कुरकुरणारे, जीभ मात्र धडधाकट. शेवटी पहिलवान, म्हणजे फुंकलं तर उडेल असा किडकिडीत गडी. तो मागे येताना दिसला की काकू ओरडायच्या, "आलास का रे वसुलीला? घे बाबा, ने."

उन्हाळ्यात नवे साहेब आले. त्यांनी जमिनीवर पिवळ्या पट्ट्या मारून गल्लीचे तुकडे केले. प्रत्येकाच्या वाट्याला सारखे नग. पट्टी ओलांडायची नाही. "सगळ्यांना सारखं. याहून न्याय तो काय?" असं सुपरवायझर म्हणून त्यांनी मला विचारलं, आणि धाकट्या, मला पटलं रे. कागदावर चोख दिसत होतं. पण काकूंच्या तुकड्यात साबणाच्या पावडरीच्या गोण्या आणि खालच्या फळीवरचे कॅन आले, पहिलवानाच्या तुकड्यात टूथब्रश. नग सारखेच. काकूंपाशी ट्रॉल्यांची रांग लागायची आणि पलीकडचे हात चोळत बघत राहायचे. एके दिवशी पहिलवान मला म्हणाला, "मॅडम, हाताची घडी, तोंडावर बोट करून उभं राहायला मी काय दुसरीत आहे का?" आणि सरळ पट्ट्या ओलांडून काकूंकडे गेला. मी पाठ फिरवून स्कॅनर पुसत राहिले. साहेबांनी त्याला झापलं तेव्हा मी म्हटलं, माझ्या सांगण्यावरून गेला. सांगितलं नव्हतं, नुसतं बघितलं नव्हतं. या दोन्हींत फरक किती, याचा अजून विचार करते आहे. पट्ट्या काढा, असंही साहेबांना सांगून पाहिलं. त्यांनी ऐकून घेतलं, एवढंच. सोमवारपासून काकू येत नाहीत. त्यांच्या जागी नवी बाई आलीय आणि पट्टी तिथेच आहे.

बाबा गेल्यावर आपणही अशीच वाटणी केली होती, आठवतं? खर्च तू बघायचा, आईला मी. तू तुझी बाजू कधी चुकवली नाहीस. पण नंतर आईचं चालणं सुटलं, मग रात्र आणि दिवस यातला फरक सुटला. माझ्या तुकड्यातला माल जड होत गेला आणि मी तुला कळवलं नाही. का, ते नीट सांगता येत नाही. ताईपणाचा तोरा असेल. शिवाय मी न सांगताच तू यावंस असंही वाटायचं, आणि येत नाहीस म्हणून मनातल्या मनात चरफडायचे. पट्टी मीच मारायची आणि ओलांडली नाहीस म्हणून रागही मीच धरायचा! आई अलीकडे मलाच तुझ्या नावानं हाक मारते. मीही ओ देते.

परवा संध्याकाळी आई न्हाणीघरात घसरली. हाड मोडलेलं नाही, डॉक्टरांनी बघितलंय. पण मला ती उचलेना. काखेत हात घालून पाहिलं, पाठीमागून पाहिलं; माझीच कंबर धरली आणि मीही तिच्याशेजारी ओल्या फरशीवर बसले. शेजारचे कामावरून येईपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून होतो. तिला वाटलं मी खेळतेय. ती हसत होती. म्हणून हे पत्र. जाब म्हणून नाही आणि पैसे वाढव म्हणूनही नाही. धाकट्या, आई आता माझ्या एकटीच्यानं उचलत नाही. तुझे हात रिकामे नसतील, ठाऊक आहे. तरी थोडं मागे चालत ये. मी जिथे भेटेन तिथे.

तुझीच,
ताई

गोदामातल्या रोजनिशीची सवय इथेही सुटत नाही. उद्याचं काम: तुझ्या खाटेवरचं सामान खाली काढणे.