बांगडी हाडावरून जाते

माय,

तुझी नात तू पाहिली नाहीस. तू गेलीस त्यानंतर बऱ्याच वर्षांनी ती झाली, आणि उद्या तिला हळद लागणार आहे. काल तिच्या हातात बांगड्या मीच भरल्या. त्याबद्दल कोणाशी तरी बोलावंसं वाटतंय, आणि बांगड्यांमधलं कळणारं माणूस माझ्या ओळखीत तुझ्याशिवाय कोणी उरलं नाही. मांडवामुळे दुकान बंद आहे. शटर अर्धं ओढून आत बसलोय. बायकोला सांगितलं, जरा माल लावून येतो. तुझ्या टोपलीचं आता पांढरकवड्यात दोन मजली दुकान झालंय. खाली बांगड्या, वर क्रीम, पावडरी, केसांची तेलं, ओठांचे रंग. हैदराबादकडे जाणाऱ्या गाड्यांतल्या बायकासुद्धा उतरून येतात. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, "एवढं सारं तोंडाले लावतात? मंग तोंडात काय घालतात?"

टोपली घेऊन तू बाजाराला निघायचीस ते आठवतंय. बांगड्या भरायला तुला शेजारच्या मनियारणीनं शिकवलं होतं. सुरुवातीला काही घरच्या बाया विटाळ नको म्हणून आपल्याला हात द्यायच्या नाहीत. बांगड्या विकत घ्यायच्या, घरी नेऊन स्वतःच भरायच्या, निम्म्या फोडायच्या, आणि पुढच्या बाजाराला निमूट तुझ्यासमोर येऊन बसायच्या. गुडाखू घासून काळे झालेले दात दाखवून हसायचीस आणि हात पुढे करायचीस. मी बाजूला बसून बांगड्या वाजवून बघायचो. बारीक चीर असलेली काच बद्द वाजते, आणि माझे कान तेव्हापासूनच तिखट. पण हात बघावा तो तू. नखं पांढरी दिसली की विचारायचीस, "काय खाल्लं वं आज?" बाई म्हणायची, चहा. मग तू लुगड्याच्या ओच्यातून गूळ न् फल्लीदाणे काढून तिच्या तळहातावर ठेवायचीस. मला वाटायचं माय किती दयाळू. एकदा विचारलं तर म्हणालीस, "दया कायची? उपाशी हात थरथरते. काच फुटली का नुकसान माह्यं."

तुझी एकच शिवी मला अजून लागते. एका गुबगुबीत हाताच्या बाईला पाहून मी म्हणालो होतो, मावशी, तुमचा हात मोठा आहे, ही नाही जाणार. ती गेल्यावर माझा कान धरलास. "हात मोठा म्हनू नाई बाईले, बयताडा. बांगडी लहान आहे म्हन. बांगडी बदलता येते. हात कुठून बदलून आनन ते?" आज माझ्या दुकानात पोरी कामाला आहेत, त्यांना पहिल्या दिवशी मी हेच सांगतो. हात मोठा म्हणायचं नाही. त्या हसतात, पण पाळतात.

आपल्या खाण्याचं मला कौतुक नाही, माय. लोक आता अंबाडीची भाजी न् ज्वारीची भाकर लग्नाच्या जेवणात कौतुकानं मांडतात, मला नाही ते जमत. पावसाळा अर्धा सरला की घरात कण्या उरायच्या, नुसत्या कण्या आणि मीठ. तेव्हा ताईचे केस तांबूस पडायचे, मक्याच्या कणसाच्या झुपक्यासारखे, आणि विंचरताना फणीत यायचे. ओठांचे कोपरे चिरायचे. मग ज्वारी यायची, तूर यायची, जवस यायचं. तू तव्यावर जवस भाजतेयस, ते तडतड उडतंय, पाट्यावर मिरची वाटतेयस. फुलासारखी पातळ भाकर, वर चटणी, वाटीत तुरीचं वरण. थंडी सरेपर्यंत ताईचे केस परत काळे. गालावर तुकतुकी. रंगानं आपण सगळे सावळेच, पण त्या सावळ्यात उजेड यायचा. काही लावलं नव्हतं. लावायला होतंच काय? हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी दर वर्षी पाहिलंय, म्हणून आज जे घरात बघतोय ते मला दुसऱ्या कोणी समजावून सांगायची गरज नाही. पण मी समजावून सांगू शकत नाही, तो त्रास आहे.

नात तुझ्यासारखी आहे. उंच, हाडापेरानं मोठी, हात भरलेला. फार्मसी शिकली. सोयरीक वणीची, मुलगा खाणीत नोकरीला, माणसं बरी. साखरपुड्याला तिकडून साडी आली, ओटी आली आणि हिरव्या बांगड्यांचा डबा आला. आपल्याकडे सासरच्या बांगड्या पोरीनं लग्नात घालायच्या असतात, हे तुला काय सांगू. मुलाच्या आत्यानं त्या नागपुरातून घेतल्या होत्या. मापाची बांगडी न्यायची ती विसरली, आणि बाकी सगळ्या पोरींना दोन-चारचं माप येतं म्हणून त्याच मापाच्या घेतल्या. आपल्या पोरीचा हात दोन-सहा, वरच्या मापाचा. बायांच्या गराड्यात आत्याबाईंनी एक बांगडी चढवायला घेतली, ती अंगठ्याच्या बुडाशी अडली. आत्याबाई हसत म्हणाल्या, "हात मोठा आहे बाप्पा पोरीचा. बांगडीवाल्याची पोरगी, न् बांगडीच जात नाही." सगळ्या हसल्या. वाईट मनानं नाही म्हणाल्या त्या. मी दारात उभा होतो, मला आवाजावरून कळतं. मीही हसलो. म्हटलं, बांगडी लहान आहे ताई, उद्या बदलून देतो, दुकान आपलंच आहे. पुन्हा सगळ्या हसल्या. पोरगीही हसली. तिचं हसू बद्द वाजलं.

दुसऱ्या दिवशी तोच काठ, तोच हिरवा रंग, दोन-सहाच्या मापात मी घरी घेऊन आलो. ती म्हणाली, "बाबा, त्यांनी दिलेल्याच घालणार." मी म्हटलं, मग साबण लावून भरून देतो, त्याच दोन-चार, तुझ्या आजीची विद्या आहे ही. "ओढूनताणून नको. सरळ गेल्या पाहिजेत." आणि त्या दिवसापासून तिनं ताट सोडलं.

आधी भाकर गेली. मग पोळी, मग भात. सकाळी गरम पाण्यात लिंबू, दुपारी काकडी, संध्याकाळी कसल्याशा पावडरीचा पेला, जी माझ्याच दुकानात वरच्या मजल्यावर विकायला आहे. मी स्वयंपाकघराच्या पलीकडे बसून ऐकत राहतो. झाकण उघडल्याचा आवाज येतो, भांडं सरकतं, पळी कशालाच लागत नाही आणि झाकण परत बसतं. तिची आई दारामागून म्हणते, "दोन घास खाय वं, कायले जीव सुकवून राह्यली?" ती म्हणते, "खाल्लं मी." आम्हाला दोघांनाही माहीत असतं.

सुरुवातीला लोक म्हणाले, काय छान दिसायला लागली. गाल बसले, हनुवटी निघाली. दुकानात येऊन बाया विचारायच्या, "भाऊ, पोरीनं काय लावलं? आमाले पन द्या." मी दिलं, माय. जे मागितलं ते दिलं, माझा धंदा आहे. मग तो उजेड गेला. चेहरा राखेसारखा झाला, डोळ्यांखाली खड्डे पडले. केस, आपल्या ताईसारखेच, आधी रुक्ष, मग मोरीच्या जाळीत गुच्छ. नखं चपटी झाली, पांढरी. तुझ्यासमोर बसली असती तर नाव विचारायच्या आधी तू गूळ काढला असतास. एके दिवशी ती जिन्यात बसली ती उठेचना. डॉक्टरकडे नेली. डॉक्टर म्हणाले रक्त फार कमी आहे, गोळ्या देतो, पण नुसत्या गोळ्यांनी होणार नाही, जेवलं पाहिजे. तिच्या आईनं मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "बाकीचंही बंद झालं आहे तिचं, कधीपासूनच." बापाला जे सांगत नाहीत तेही तिनं सांगितलं, म्हणजे तिला किती भीती वाटली असेल बघ.

मी माणसांना बोलून वळवणारा माणूस. रिकाम्या हातानं गिऱ्हाईक जाऊ देत नाही अशी माझी ख्याती आहे. पोरीपुढे बसलो. म्हटलं, "बाळा, ऐक. बांगडी मांसावरून अडत नाही, हाडावरून अडते. अंगठ्याच्या बुडाचं हे हाड बघ. तू सहा महिने उपाशी राहिलीस तरी हे तितकंच राहील. मी आयुष्यभर हात धरले, मला माहीत आहे." ती ऐकून घेते. हाताकडे बघते. मग म्हणते, "थोडा तर फरक पडेल ना?" होणाऱ्या जावयाला फोन केला. भला पोरगा. म्हणाला, "मामा, मी कुठं काय म्हनलो? आहे तशी चांगली आहे ती. बांगड्या फेकून द्या म्हना." तेही मी तिला सांगितलं. "तो चांगला आहे म्हणून म्हणतो," ती म्हणाली. आत्याबाईंचाही फोन आला, रडत होत्या, माझ्या तोंडाला लगाम नाही भाऊ म्हणाल्या. लग्न पुढे ढकलू म्हटलं तर पोरीनं माझे पाय धरले, म्हणाली, "लोक म्हणतील पोरीतच काहीतरी आहे." भांडायला कोणी दुष्ट माणूस असता तर बरं झालं असतं. इथं सगळेच चांगले आहेत आणि पोरगी समोर वाळत चाललीय.

काल सकाळी तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही. पाण्यानं हात सुजतो म्हणे. बायका जमल्या होत्या. ती माझ्यासमोर पाटावर बसली आणि हळूच म्हणाली, "आज नाही गेल्या तरी हळद परवा आहे. तोपर्यंत बघता येईल." तिला आणखी दोन दिवस उपास करायचा होता, माय. मी तिचा हात हातात घेतला. थंड. मनगटाची हाडं वर आलेली, कातडी सैल, आणि अंगठ्याच्या बुडाचं हाड तसंच्या तसं. तुझं हाड. बांगडी तिथं टेकवली आणि मला कळलं, सरळ जाणार नाही.

मग मी ते केलं जे तू करायचीस. तिला इकडचं तिकडचं विचारायला लागलो, वणीचं घर कसं, खिडकी कुठल्या बाजूला. ती सांगायला लागली की मी तिचा अंगठा तळव्यात दुमडला, करंगळीचं बोट त्याच्याकडे दाबलं, हाताची मोळी केली, बांगडी तिरपी धरून आधी करंगळीच्या बाजूनं घेतली, आणि ती श्वास सोडत असताना ढकलली. साबण नाही, पाणी नाही. एकामागून एक. भरल्या हातावरही त्या अशाच गेल्या असत्या, साखरपुड्याच्या दिवशी, हसणाऱ्या बायकांसमोर, गाल भरलेले असताना. दोन्ही हात भरून झाले तेव्हा तिनं बघितलं. "सरळ गेल्या ना बाबा?"

मी हिशेब केला. नाही म्हटलं तर दोन दिवसांचा उपास नक्की. हो म्हटलं तर संपलं, आज ताट घेईल. म्हणालो, "सरळ गेल्या."

बायका म्हणाल्या, "काय नाजूक हात दिसते वं." तिच्या आईनं लगेच ताट आणलं, वरण, भाकर, जवसाची चटणी, तिला लहानपणी आवडायची म्हणून. पोरीनं आरशासमोर हात वर करून बांगड्या वाजवल्या. मी बाहेर आलो होतो, पण माझे कान तिखट. मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. बऱ्याच दिवसांनी आवाजात आनंद होता. म्हणाली, "गेल्या अगं, सरळ गेल्या. आता फक्त एवढं टिकवायचं." थोड्या वेळानं ताट परत स्वयंपाकघरात गेलं. भाकरीचा तुकडा मोडल्याचा आवाज मी ऐकला नाही.

आता तिला खरं काय सांगू? खरं सांगितलं तर एवढे महिने तिनं जे सोसलं ते कशासाठीच नव्हतं, हे मला माझ्या तोंडानं तिला सांगावं लागेल, हळदीच्या तोंडावर. नाही सांगितलं तर ती वणीला जाऊन हे हात टिकवत बसेल, आणि तिथं झाकणांचे आवाज ऐकायला मी नसेन. तू असतीस तर काहीतरी बोलली असतीस, मला आता ते सुचत नाही. सुचलं असतं तर हे लिहायला बसलो नसतो. हा कागद मी इथंच दुकानात ठेवणार, तुला वाचता येत नव्हतं आणि ज्यांना येतं त्यांना हा दाखवायचा नाही.

एकच गोष्ट कोणाला सांगितली नाही, बायकोलाही नाही. शेवटची बांगडी चढली, बायकांनी माना डोलावल्या, आणि फुटक्या काचेसाठी ठेवलेल्या ताटलीत एकही तुकडा नव्हता. दोन-सहाच्या हातात दोन-चार, आणि एकही फुटली नाही. तिचा तो थंड हात हातात असताना, माय, मला तेवढ्यापुरतं फार बरं वाटलं.