सईचा डावा हात

गुरुवार, दिवेलागणीनंतर

आज सईला आणायला डांगे चौकात पियानोच्या क्लासला गेले, तर बाई म्हणाल्या, "ताई, कार्यक्रमात नाही बसवता येणार तिला. दोन्ही हातांचं सुरू झालं आणि डावा चालतच नाही." सई वाजवतच होती. उजवा हात सरसर चालला होता. डावा मात्र पुढे, हवेत, भाता शोधत होता.

वर्षभर मीच म्हणत आले, पियानो कशाला विकत घ्यायचा? सासऱ्यांची भजनाची पेटी आहे, काळ्या-पांढऱ्या पट्ट्या त्याच. पोरीने डाव्या हाताने भाता हलवत उजव्याने सराव केला. रोज समोर बसून ऐकत होते मी. कसं नाही कळलं?

रस्त्यात म्हटलं, "पुढच्या वर्षी बसशील गं." तर म्हणते, "आई, तू सांगितलंस तसंच केलं ना मी?" चिडली असती तर बरं होतं.

दत्ताच्या आरतीला पेटी काढली. एरवी तीच धावते. आज डावा हात मांडीखाली दाबून बसली. मग मीच नुसत्या टाळ्यांवर आरती म्हटली, एकटीनेच. टाळ्यांसाठीसुद्धा तिने तो हात बाहेर काढला नाही.