गिरणीविरुद्धचा अर्ज

३ फेब्रुवारी १९७४, इंझोरी
मंगरूळपीरहून सकाळच्या एस.टी.ने आलो. जागा पाहून खूश झालो. शेठ शिखरचंदांचा बंद जिनिंग कारखाना आमच्या कंपनीने घेतला आहे. लांबलचक शेडमध्ये वाऱ्याचा बोगदा: टोकाला मोठा पंखा, मधल्या काचेच्या पेटीत नव्या पंख्याच्या पात्याचा नमुना. वारा सोडायचा आणि फक्त पात्याचा आवाज मोजायचा. त्यासाठी बाकीचे सगळे आवाज कमी करणे हे माझे काम. महिनाअखेर आकडे गेले नाहीत तर नोकरी जाईल. जमिनीवर जुनी सरकी पसरली आहे, चालताना कुरकुरते.

७ फेब्रुवारी
पंख्याखाली रबर घातले, भिंतींना आणि बोगद्याला आतून कापसाच्या गाद्या लावल्या. आवाज मोजणाऱ्या बॅटरीवरच्या मीटरचा काटा बराच उतरला. आता अडचण एकच, शेजारची इंद्रभानची पिठाची गिरणी. दळण नसतानाही तो डिझेलचे एंजिन चालू ठेवतो, दगडावर दगड घासत. कारण विचारले, तर म्हणाला, "तुमी तुमचं पाहा नं, सायब." गावात मला कोणी पाणीही विचारत नाही.

११ फेब्रुवारी
तहसिलीत अर्ज दिला: दुपारी दोन ते चार गिरणी बंद हवी. परतलो तर दारावर शेण फेकलेले. इंद्रभानची आई रंगूबाई भांडायला आली. म्हणे शेडमध्ये जे आहे ते आंधळे आहे, कानाने धुंडते. तिचा धाकटा, जगदेव, तिथेच गेला. "तवापासून गिरणी थांबू देल्ली नाई आमी. तुमी काहून थांबवता?" मी हसलो, तेव्हा ती थुंकली.

१४ फेब्रुवारी, दुपारी २
हुकूम आला. एंजिन थांबले. गिरणीला कुलूप लावून इंद्रभान घरच्यांसह बैलगाडीत बसला. आळीही रिकामी झाली. जाताना मला म्हणाला, "आता खोकू नका, सायब."

२.२०
पंखा बंद ठेवून नुसती शांतता मोजली. काटा तळाला. उत्तम. मग बोगद्यात कापसावरून काहीतरी सरकल्यासारखे — मी खोकलो. सरकणे थांबले. पुन्हा सुरू झाले, आता अधिक जवळ.

२.३५
पंखा लावायला गेलो. वीज नाही. दार वीस पावलांवर, पण पायाखाली सरकी — एक पाऊल टाकले. पेटीच्या काचेमागे कापसाचा गोळा, मघाशी नव्हता; तो माझ्याकडे वळला.

२.५०
श्वास घेतला की काटा हलतो. मग ते हलते —
काच फुटलेली नाही. पेटीत नुसते पाते.

श्वास धरला आहे. काटा तरीही हलतो. हा आवाज कसला —
पेनाचा. कागदावर पेना