कसलीही तक्रार नाही

३ मार्च
अपंगत्व-पेन्शनचा दावा परत आला! पाठ आणि गुडघा, दोन्ही नामंजूर. पेन्शन कार्यालयाच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "अहो, फौज सोडताना तुम्हीच लिहून दिलंय की — कसलीही तक्रार नाही. खाली सही तुमचीच ना?" माझीच. सही केली तेव्हा माझा ट्रक उलटून सहा आठवडेही झाले नव्हते. पण तक्रार लिहिली की दवाखान्यात महिनाभर डांबायचे, आणि मला घर दिसत होतं. सगळेच लिहायचे तसं. वर डॉक्टरसमोर वीस उठाबशा काढल्या, दातावर दात दाबून. गाढव मी!

५ मार्च
फेरतपासणी मिळाली — अठरा तारखेला. गोदामाची राखणदारी गेली ती गेलीच, काठी टेकूनही दहा मिनिटं उभं राहवत नाही. मोजे घालायलाही बायको लागते. ती बिचारी दिवसभर शिवणयंत्रावर वाकलेली. "ह्या खेपेला तरी खरं ते सांगा," म्हणाली. सांगणार.

९ मार्च
समोरचा न्हावी — "काल काय झपाझप निघाला होतात! हाक मारली तर वळलासुद्धा नाहीत." काल मी दिवसभर पलंगावर होतो. म्हटलं, बाबा रे, चष्मा बदल.

११ मार्च
पाठ फार.

१२ मार्च
कार्यालयातून पाकीट. आत फोटो! कुणीतरी कागाळी केलीय. पाण्याच्या टाकीचा जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढणारा माणूस — तोंड माझं. अंगात फौजेतला हिरवा स्वेटर. त्या स्वेटरच्या ट्रकखाली चिंध्या झाल्या, त्या मी स्वतःच्या हातानं जाळल्या.

बायकोला दाखवला. बराच वेळ बघत राहिली. "किती ताठ दिसता," एवढंच म्हणाली.

१५ मार्च
सकाळी जिन्यावर पावलं वाजली. दोन्ही सारखी पडणारी. माझं तर एक घासतं. दाराशी येऊन थांबली. बायको यंत्रावरून उठली, "आले वाटतं!" म्हणत धावली.

मी तिच्या मागे खुर्चीत बसलो होतो. दाराबाहेर कुणी नव्हतं.

१८ मार्च, सकाळ
आज तपासणी. भीती वाटते, लपवू कशाला? तो कोण ते कळलंय मला. सही करून मीच त्याला उभा केलाय. आज खरं सांगितलं की जाईल. गाडी आली खाली. वही उशाखाली ठेवतो.

१८ मार्च, संध्याकाळ
तपासणी झाली. वीस उठाबशा, एका दमात! डॉक्टर खूश. लगेच लिहून दिलं — कसलीही तक्रार नाही. बाहेर बाकावर एक काठीवाला होता. माझ्या नावाची हाक आली तेव्हा तोही उठायला लागला. तो उठेपर्यंत मी आत गेलो होतो.

आत्ता तोच दार वाजवतोय, हाका मारतोय. बायकोनं आवाज ओळखला. तरी म्हणाली, उघडू नका.